नंदीमागचे हिरवे काटे

रिकाम्या पाळण्याची कडी करकरली, तसा पद्मावतीचा हात ट्रंकेवरच थांबला. तिच्या लहानग्या विठूनं झोका दिला होता.

तेवढ्यात दारात शेजारच्या इंदुताई. "पद्मा, हे अजून घरी नाहीत गं. भाऊजी म्हणतात, औरंगाबादला गेले. पण चष्मा घरीच!"

छप्पन सालचा ऑक्टोबर. हैदराबाद राज्य मोडत होतं, शहरातल्या गौलीगुड्यातली मराठी बिऱ्हाडं गाशा गुंडाळत होती. पद्मावतीचा नवरा महिन्यापूर्वीच बदलीवर औरंगाबादेत गेलेला. इंदुताईंचे हिम्मतराव मात्र हटून बसले होते. घर विकणार नाही, म्हणजे नाही. विकायला निघालेल्या धाकट्या भावाशी, प्रतापरावांशी, रोज खटके.

दुपारी पद्मावती विठूला घेऊन मुसी नदीकाठच्या जुन्या मसणवटीत गेली. गुपचूप. छकुलीचा निरोप घ्यायला.

आठ सालच्या महापुराच्या गाळात तिथल्या गोसाव्यांच्या समाध्या अर्ध्या बुडालेल्या, वर चिंचा माजलेल्या. मोडक्या नंदीमागे तान्ह्या मुलांना पुरायची जागा. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड आणि बाभळीचे काटे. आईला तिकडे नेत नाहीत. खूण नवऱ्यानं सांगितली होती.

छकुली उन्हाळ्यात गेली. तिच्यावरचे काटे हिरवेगार होते.

पद्मावती तशीच ठाण्यावर गेली. तिथल्या फौजदारांनी, अमीनसाहेबांनी, शिपायाला खणायला लावलं आणि प्रतापरावांना नंदीपाशीच आणवलं.

"हाताला ओरखडे कसले?" अमीनसाहेबांनी विचारलं.

"सामान बांधताना सुंभ लागला."

"भाई किधर है?"

"औरंगाबादला. किती वेळा सांगू?"

"चष्म्याशिवाय त्यांना पायरी दिसत नव्हती," पद्मावती म्हणाली. "गाडी कशी दिसली, भाऊजी?"

"वहिनी, मसणात काय काम बाईमाणसाचं?"

"त्याच भरवशावर होतात ना? नवा खड्डा लोकांनी पाहिला असता, म्हणून जुना उकरलात. आई कधी येत नाही, आणि आमचं बिऱ्हाड तर चाललेलंच. छकुलीला इथं तिघांनी आणलं. विठूचे बाबा गावाला, हिम्मतराव बेपत्ता. उरलात तुम्ही. उन्हाळ्यातले काटे केव्हाच वाळले असते. कुत्र्यांच्या भीतीनं तुम्ही ताजे तोडलेत, तेच हाताला लागलेत."

शिपायाच्या फावड्याला धोतराचा काठ लागला. प्रतापरावांनी ओरखडलेले हात जोडले.

"नुसतं ढकललं हो... जिन्यावरून. घरापायी."

संध्याकाळी हिम्मतरावांना उचलून नेलं. छकुलीचं चिमुकलं गाठोडं पद्मावतीनं स्वतःच्या हातानं परत मातीत ठेवलं. वर काटे लावले.

चिंचेखाली बसवलेला विठू जवळ आला.

"आई, हिम्मतकाकांना नेलं. आपण पण जाणार. मग छकुली परत एकटीच?"