राहिलेलं एरंडेल

त्या दिवशी सकाळी बाबांनी मला दोनदा हटकलं. एकदा हातमोजे न घालता कॉस्टिक सोड्याच्या बरणीला हात लावला म्हणून, आणि एकदा दाराकडे बघितलं म्हणून.

"येईल तो. तू पातेल्यात बघ."

"मी कुणाची वाट बघत नाहीये."

"मग आज केसांत नवी क्लिप कशी?"

आम्ही घराच्या मागच्या खोलीत साबण करायचो. पाण्यात सोडा हळूहळू सोडायचा, निवू द्यायचा, मग कोमट तेलात त्याची धार धरायची आणि काठीची रेघ उमटून राहीपर्यंत ढवळत बसायचं. सगळ्यात शेवटी एरंडेल. ते मी मोजून बाटलीत काढून ठेवलं होतं. तेवढ्यात दारात खोबरेलाचा डबा टेकल्याचा आवाज झाला. तो आला होता.

गल्लीच्या टोकाला त्याचा तेलघाणा होता. बाबा त्याला तेलराव म्हणायचे.

"काका, आज वास कसला घालताय?"

"तू आलास की पेंडीशिवाय दुसरा वास येतो का कुठे?"

तो हसला. रिकामा डबा उचलताना माझ्यापाशी जरा रेंगाळला. "क्लिप छान आहे," म्हणाला... इतकं हळू, की मला ते नंतर कितीदा तरी आठवून बघावं लागलं.

तो गेल्यावर साच्यात साबण ओतता ओतता बाबांनी विचारलं, "आवडतो ना तुला?"

"काहीतरीच काय, बाबा."

संध्याकाळी बाबांनी तारेनं वड्या कापल्या आणि प्रत्येक वडीवर अंगठा दाबला. तो त्यांचा शिक्का. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले, तर ते उठले नाहीत.

वड्या सहा आठवडे फळीवर वाळत राहिल्या. साबण तयार झाला की बाबा त्याला जिभेचं टोक लावून बघायचे. चुरचुरला नाही, तर झाला. या वेळी मी लावलं, आणि झिणझिण्या थेट मस्तकात गेल्या. सोडा अजून तसाच होता. बाबांचा शेवटचा साबण बिघडला होता, आणि का ते मला कळत नव्हतं.

त्याच दुपारी तेलराव डबा घेऊन आला.

"परत न्या," मी म्हटलं. "आता तेल लागणार नाही. मी साबण बंद करतेय."

"म्हणजे... मीही यायचं नाही?"

मी फळीवरच्या वड्या सारख्या करत राहिले. त्यानं एक वडी उचलून नखानं खरवडली. "तेल कमी पडलंय. किसून मंद आचेवर वितळवू, राहिलेलं तेल घालू. होईल नीट."

"वितळवलं तर अंगठे जातील."

तो वडीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "जातील. पण काका असं चुरचुरतं काही मागे ठेवणारे नव्हते हो."

मी खणातून हातमोजे काढले — दोन जोड. किसणी वरच्या फळीवर होती. ती काढायला त्यानं सोड्याची बरणी बाजूला सारली. सहा आठवड्यांत मी तिला हात लावला नव्हता. मागे एक बाटली होती. बूच घट्ट लावलेलं, आणि त्यावर बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली. त्यानं ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'एरंडेल घालायचं राहिलं. हिचं लक्ष दारात होतं. साबण पुन्हा शिजवू, तेव्हा तेलरावालाच ढवळायला...'" त्याचा आवाज अडखळला. "'...ढवळायला बसवू. तोवर हिला कबूल करायला सवड.'"

मी शेगडी पेटवून पातेलं चढवलं. तो कानापर्यंत लाल झाला होता. मी किसायला घेतलं. एकेक अंगठा पांढऱ्या किसात विरत गेला. शेवटची वडी त्यानं माझ्या हातातून काढून घेतली आणि खिडकीत ठेवली. "ही राहू दे."

मग तो पातेल्याशी बसून ढवळू लागला. मी बूच काढलं. एरंडेलाची जाड, संथ धार पातेल्यात पडत होती. त्यानं मान वर केली नाही. खिडकीतल्या वडीवर ऊन पडलं होतं.

"हो, बाबा," मी म्हटलं, त्याला ऐकू जाईल असं. "आवडतो."