सामानाजवळ कोण बसणार?

सावरतळच्या किनाऱ्यावर त्या सकाळी निदान तीन-चार किलो सोनं उघड्यावर पडलं होतं आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. चटयांवर मंगळसूत्रं, टॉवेलांवर फोन, कुणाच्या तरी उलट्या टोपीत मोत्यांच्या कुड्या. मालक मंडळी गळाभर पाण्यात आरडाओरडा करण्यात गुंग होती. चोरी म्हणजे काय, हे त्यांच्यातल्या तरुणांना फक्त वडीलधाऱ्यांच्या गप्पांतून ठाऊक होतं.

ही सगळी स्वामीलेपाची करणी. कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ असा हा लेप वस्तूवर एकदा चढवला की ती वस्तू आपला मालक ओळखू लागे. त्याआधी लोकांनी कुलपं वापरून पाहिली, गुप्त आकडे वापरले, बोटांचे ठसे आणि चेहरेही वापरले, आणि चोरांनी प्रत्येकाची नक्कल केली. लेप बनवणाऱ्यांनी मग वेगळाच विचार केला. माणसाच्या कुठल्या गोष्टीची कुणाला नक्कल करता येत नाही? त्याची काळजी. आपली वस्तू जरा नजरेआड झाली की मन तिच्याकडे धाव घेतं, काळजाचा एक बारीकसा ठोका चुकतो, तळव्याला किंचित घाम सुटतो. आपल्याला ते कळतही नाही. लेपाला कळतं. तो दर काही क्षणांनी ऐकू न येणारी हाक मारतो आणि आपल्या मनगटावरचा धागा शरीराचं उत्तर त्याला पोचवतो. ज्याचा ठोका चुकला, तो मालक. मालक जवळ असला की वस्तूवरचा मोहरीएवढा ठिपका हिरवा दिसतो. दुसऱ्या कुणी हात लावला की फोन मुका होतो, पर्सचं तोंड मिटतं आणि सोनं डांबरासारखं काळं पडतं. काळीज चोराचंही धडधडतं, पण ती धडधड वेगळी, आणि लेपाला तो फरक बरोबर कळतो.

एवढं सगळं असूनही शर्वरीबाई परचुरे सामानाजवळ बसल्या होत्या.

बारा माणसांच्या चपला त्यांनी ओळीत लावल्या होत्या, पिशव्यांचा मधोमध ढीग केला होता आणि त्याला पाठ टेकून त्या समुद्राकडे पाहत होत्या. आयुष्यात अकरा किनारे त्यांनी पाहिले, सगळे असेच, बसून. लग्नानंतर अलिबागला नवराबायको दोघंच गेले होते. दोघांतल्या कुणीतरी पाकिटाजवळ बसायला हवं होतं, म्हणून त्या बसल्या आणि मल्हारराव पोहून आले. पुढे मुलं झाली, भाचरं झाली, सुना आल्या, आणि सहल ठरली की सामानाजवळ कोण बसणार हे विचारायचं सगळ्यांनी सोडूनच दिलं.

यंदा मात्र त्यांनी मनाशी ठरवलं होतं. सहासष्टाव्या वर्षी त्यांनी पूर्ण बाह्यांचा जांभळा पोहण्याचा पोशाख विकत घेतला होता, आणि साडीच्या आत घालून त्या तीन दिवस हिंडत होत्या. गळ्यापर्यंत पाण्यात जायचं, बस. पण किनाऱ्यावर आलं की "पाचच मिनिटं बसते" म्हणायच्या आणि जेवणाची वेळ व्हायची. आज शेवटचा दिवस होता.

तेवढ्यात मुलगा निहार ओल्या अंगाने धावत आला. सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. त्यानं आपला फोन उचलला आणि फोन हातातच मुका झाला. त्यानं पुसला, झटकला, फुंकर मारली, काही उपयोग झाला नाही. मागोमाग सून रेवा आली. तिनं पाटल्या उचलल्या आणि त्या बघता बघता काळ्या पडल्या.

"बघू," म्हणून शर्वरीबाईंनी हात पुढे केला. पाटल्या पिवळ्याधमक झाल्या आणि ठिपका हिरवा झाला. फोनही हसतमुखाने उघडला. जावेची पर्स, भाच्याचं घड्याळ, मल्हाररावांच्या दातांची डबी, एकूण एक वस्तू शर्वरीबाईंचीच झाली होती.

"आई, तू काय केलंस हे?" निहार म्हणाला.

"मी कुठे काय केलं? मी तर जागची हललेसुद्धा नाही."

किनाऱ्याच्या टोकाला लेपकेंद्र होतं. तिथल्या डॉ. रुबिना मुकादम पंधरा वर्षं या लेपावरच संशोधन करत होत्या. बारा माणसांची वरात आणि पुढे पिशव्यांचा ढीग पाहून त्या हसल्याच.

"दर मे महिन्यात अशी दोन-तीन कुटुंबं येतात," त्या म्हणाल्या. "तुम्ही तीन दिवस पाण्यात होतात. फोन कुठे आहे, पाटल्या कुठे आहेत, कुणाच्या मनात तरी आलं का?"

निहार मुका फोन पुन्हा झटकू लागला.

"नाही आलं," रुबिना म्हणाल्या. "काकूंच्या मात्र दर क्षणाला आलं. लेपानं हाक मारली, बाराजणांपैकी एकीनंच ओ दिली. त्यानं तिला मालक मानलं. त्याच्या बाजूनं तो चुकलेला नाही."

"मग घरी नेऊन आमची आम्ही काळजी करू," रेवा म्हणाली.

"घरी गेल्यावर काकू काळजी करायच्या थांबणार आहेत का?"

यावर मल्हारराव इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"काकूंची काळजी मुरलेली आहे," रुबिना म्हणाल्या. "तिच्यापुढे तुमची टिकायची नाही. उपाय एकच. काकूंनी तासभर सगळं विसरायचं, अगदी मनापासून. लेप हळूहळू मोकळा होत जाईल. मोकळा झालेला लेप भोळा असतो, पहिला जोरदार ठोका जिथून येईल त्याचा होतो. पण त्या तासात कुणाचाच ठोका चुकला नाही, तर लेप कायमचा मिटतो. मग सोन्याचा कोळसा आणि फोनचा दगड. तो मलाही उघडता येत नाही."

"आमच्याच वस्तू आहेत," निहार म्हणाला. "काळजी करायला काय लागतं? आई, तू जा पाण्यात."

सगळे किनाऱ्याकडे निघाले. शर्वरीबाई मागे रेंगाळल्या. आपली माणसं त्या ओळखून होत्या. या अकराजणांना काळजी करता येत नव्हती, कारण शर्वरीबाईंनी ती त्यांना कधी करूच दिली नव्हती.

"डॉक्टर, त्यांना नाही जमलं तर?"

"तर सगळं जाईल."

"मग मी कशी जाऊ?"

"नका जाऊ," रुबिना शांतपणे म्हणाल्या. "बसा सामानाजवळ. जन्मभर बसा. लेपाची काही तक्रार नाही."

शर्वरीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या तरातरा किनाऱ्यावर गेल्या, साडी सोडली, घडी घालून चटईवर ठेवली आणि जांभळ्या पोशाखात सरळ पाण्यात शिरल्या.

पहिली लाट गुडघ्याला लागली तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं. दुसरी कमरेला लागली तेव्हाही पाहिलं. तिसऱ्या लाटेनं त्यांना उचललं. पाय जमिनीवरून सुटले, आणि पुन्हा वाळू पायांना लागली तेव्हा त्या लहान मुलीसारख्या खिदळत होत्या. पाणी वरून कोमट होतं आणि पायाशी गार. हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तोंडात पाणी घेऊन पाहिलं, थुंकलं, पाठीवर पडून पाहिलं, नाकात पाणी गेलं, पुन्हा पडून पाहिलं. पाटल्या, फोन, दातांची डबी, काही म्हणता काही आठवेना. त्यांना इतका आनंद झाला होता की त्याचं काय करावं ते सुचत नव्हतं.

इकडे वाळूवर अकरा माणसं ढिगाभोवती गोल बसून काळजी करत होती. ठिपके एकेक करून विझत गेले आणि सोनं काळवंडलं. जावेनं डोळे मिटून चोर आठवून पाहिला, पण तिनं चोर कधी पाहिलाच नव्हता. भाच्याला झोप लागली. मल्हाररावांना भूक लागल्याचं आठवलं. अर्ध्या तासानं रेवाला हसू आवरेना आणि ती उठून सासूबाईंकडे पाण्यात गेली. पाऊण तास झाला. मागोमाग आलेल्या रुबिना घड्याळ बघू लागल्या. निहार तेवढा कपाळाला आठ्या घालून ढिगाकडे टक लावून बसला होता आणि त्याच्या मनात काहीसुद्धा येत नव्हतं.

दहाच मिनिटं उरली असताना एक मोठी लाट आली. शर्वरीबाईंना ती दिसली आणि बाजूला व्हायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ती डोक्यावरून गेली. खाली सगळं हिरवं होतं, आणि मुंबईच्या घरात चाळीस वर्षांत कधी मिळाली नव्हती अशी शांतता होती. त्या वर आल्या, केस मागे सारले आणि पोटभर हसल्या.

काही वेळानं रेवा किनाऱ्यावर जाऊन पुन्हा पाणी तुडवत जवळ आली. "आई, लागले ठिपके. सगळेच्या सगळे."

"कुणाच्या नावावर?"

"निहारच्या. तुम्ही पाण्याखाली गेलात आणि पटकन दिसेनात ना, तेव्हा त्याचा जीव असा काही खालीवर झाला की माझ्या पाटल्यासुद्धा त्याच्या झाल्या. डॉक्टर म्हणतात, ठोका कशासाठी चुकला ते मोकळ्या लेपाला कळत नाही. चुकला एवढंच कळतं."

"मग आता?"

"आता तो तिथून उठायला तयार नाही."

शर्वरीबाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. निहार टाचा उंचावून उभा होता. एका हातात त्यानं आईची साडी घट्ट धरली होती, दुसऱ्या हातानं तो पाण्याकडे धावलेल्या घरातल्या मुलांना मागे या म्हणून खुणावत होता. मग त्यानं खाली वाकून सगळ्यांच्या चपला सरळ केल्या आणि पुन्हा उभा राहिला.

"आई," वाऱ्यावरून त्याची हाक आली, "फार आत जाऊ नकोस."

चाळीस वर्षं या मुलाला शिंक आली तरी त्यांच्या काळजात चर्र होत असे. आता तो तिथे उन्हात उभा होता, डोक्यावर टोपी नव्हती, सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि पाण्याकडे पाहताना त्याचा चेहरा ओढलेला होता. त्याची काळजी वाटायला हवी होती. शर्वरीबाईंनी ती मनात सगळीकडे शोधून पाहिली. ती नव्हती. क्षणभर त्या घाबरल्या, पण ती भीतीही पाण्यात फार वेळ टिकली नाही.

त्यांनी त्याला हात केला, आणि पुढची लाट येत होती तिकडे तोंड वळवलं.