काठ सोडून गेलेली रेघ

खोटं वाटलं तर वाटू द्या. मला शपथा घ्यायची हौस नाही. पण हे माझ्यासमोर घडलंय.

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार. रात्र-बित्र नव्हती, चांगली टळटळीत दुपार. सोलापुरात सात रस्त्याजवळचं आमचं ऑफिस.

आमचं काम नद्या-तलावांचे नकाशे कॉम्प्युटरवर आखायचं. उपग्रहाच्या फोटोत काठ नीट कळला नाही की आमचे हे, म्हणजे माझा नवरा, तिथं जाऊन पाण्याच्या कडेनं चालतात. ते चालतील तशी फोनवरून माझ्या स्क्रीनवर लाल रेघ उमटत जाते.

त्या दिवशी अक्कलकोटच्या पुढं एका तलावावर गेले होते. गावाचं नाव विचारू नका.

तीन वाजेपर्यंत रेघ काठाकाठानं चालली होती.

मग ती वळली...

आत. पाण्यात.

मी फोन लावला. "अहो, कुठं निघालात?"

"काठानंच चाललोय की."

"रेघ पाण्यात दिसतीय!"

"तुझा फोटो जुना असंल गं. हितं कोरडं ठणठणीत हाय. एक म्हातारी पुढं चाललीय, वाट दाखवतीय."

जिवात जीव आला. फोटो जुना असतोच कधीकधी.

तेवढ्यात फोनमधून ऐकू आलं...

डुबुक... डुबुक...

"अहो, पाण्याचा आवाज येतोय!"

"कसलं पाणी? नुसती धूळ उडतीय."

बोलताना त्यांचे दात कडकड वाजत होते.

आणि मग बाईचा आवाज... कन्नडमध्ये. लेकराला बोलवावं तसा, लाडानं.

"बा... इल्ली बा..."

ये, इकडं ये.

"अहो, अहो" करून मी घसा फोडला. रेघ पुढंच चाललेली.

आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. उखाण्यातलं सोडलं तर सहा वर्षांत मी कधी घेतलं नव्हतं. पण तेव्हा कसली रीत आणि कसलं काय! सगळ्या ऑफिससमोर ओरडले,

"प्रभुलिंग! मागं फिर!"

रेघ थांबली...

हळूहळू काठाकडं वळली.

संध्याकाळी हे घरी आले. छातीपर्यंत चिखल. "कोरडंच होतं गं," एवढंच म्हणत राहिले. मी पोटभर रडले. माणूस परत आला, अजून काय पाहिजे होतं?

चौथ्या दिवशी जेवायला बसलो होतो. घरात आम्ही दोघंच.

हे घास टाकून उठले. "हाक मारलीस?"

मी कशाला मारू? समोरच तर बसले होते.

मग मलाही ऐकू आलं. न्हाणीघरातून... त्याच लाडानं...

"प्रभुलिंग... बा..."

तलावावर तिला यांचं नाव ठाऊक नव्हतं हो. मीच सांगितलं.

आता हाक रोज येते. आली की मी यांचा हात घट्ट धरून ठेवते.

कालपासून हे हात सोडवून घ्यायला बघतायत.