डावा कान

त्यानं चुकीच्या वेळी बटण दाबलं… पुन्हा.

काचेबाहेर यंत्रापाशी बसलेल्या तिनं मान वर केली. आत आवाजबंद खोलीत, कानांवर हेडफोन लावून तो शहाण्या मुलासारखा बसला होता. काम अगदी सोपं होतं. तिनं बारीक सूर सोडायचा, ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. लहान पोरंही करतात.

"सर, मी आत्ता काहीच वाजवलं नव्हतं," ती माईकमध्ये म्हणाली.

"माहितीये. पण वाजायला हवं होतं."

"म्हणजे?"

"तुम्ही तालात वाजवताय. तीन सूर, एक श्वास… तीन सूर, एक श्वास. मी आपला पुढचा धरून चाललो."

तिनं ओठ दाबून हसू आवरलं आणि पुढच्या खेपेला मुद्दाम वेडंवाकडं वाजवलं. तो आत पुटपुटला, "दिसते छान… पण ताल सोडला हिनं."

आतला माईक चालूच असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. काचेपलीकडचे तिचे गाल लाल झाले, तेव्हा ते त्याला कळलं. मग त्याचेही झाले.

तो कोण, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. वसतिगृहातल्या त्या कोंदट खोलीत त्याच्याच रचना कानाला लावून तिनं कान तपासण्याच्या या शाखेचा अभ्यास केला होता. स्वतःच लिहायचं आणि स्वतःच व्हायोलिन घेऊन लोकांपुढे उभं राहायचं. एवढी छाती कितीजणांची असते? मोठमोठे वाद्यवृंद त्याच्या नव्या रचनेची वाट बघत. आणि आज त्याच्या डाव्या कानाचा आलेख तिच्या हातात होता. वरच्या सुरांपाशी रेघ पायरी चुकल्यासारखी खाली गेली होती.

"व्हायोलिन डाव्या कानाखालीच असतं ना," तो बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली. "इतकी वर्षं… गेलेलं परत येत नाही. उरलेलं मात्र सांभाळता येतं."

त्यानं आलेखातल्या त्या रेघेवर बोट टेकवलं.

"नव्या रचनेचा शेवट फार वरच्या सुरात आहे. फार हळू. तो मलाच धड ऐकू येत नसेल, तर वाजवू कशाला? माझ्या एका विद्यार्थिनीला देतो. चांगलं वाजवते."

"आधी कुणालातरी ऐकवा. मग ठरवा."

"तुम्हाला?"

"मला संगीतातलं काही कळत नाही."

"म्हणूनच," तो म्हणाला.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. "एका कानानं कमी ऐकतो? मग बराय की. तुझ्या बाबांचे दोन्ही धड आहेत, काय उपयोग झाला?"

"आई, मी फक्त तालीम ऐकायला जातेय."

"हो का? मग तिसऱ्यांदा केस का विंचरतेयस?"

सभागृह रिकामं होतं. तो साध्याच स्वेटरमध्ये उभा राहिला, गज तारेवर टेकवला, आणि तिला ती कुठे बसलीये याचाच विसर पडला. सूर चढत गेला, बारीक होत गेला. शेवटी तर नुसता उजेडाचा धागा… आणि त्या धाग्याला चिकटून काहीतरी खरखरलं.

त्याला ते ऐकू आलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता.

खरं सांगावं तर हा आजच सगळं विद्यार्थिनीला देऊन टाकेल. नाही सांगावं तर भरल्या सभागृहाला ते ऐकू जाईल. 'वा' म्हणून मोकळं व्हावं, असं तिला फार वाटलं.

"शेवटी… सुराबरोबर गजाची खरखर येते."

त्याचा चेहरा उतरला. "इतक्या तालमी झाल्या. कुणी बोललं नाही."

"तुम्हाला कोण बोलणार?"

"तुम्ही बोललात."

"माझं कामच आहे ते. पुन्हा वाजवा. मी सांगते."

त्यानं वाजवलं. "आहे अजून," ती म्हणाली. त्यानं गज किंचित सरकवला. "कमी झाली." मग दाब सैल केला, मनगट हलकं केलं… "गेली."

त्यानं डोळे मिटून तेच पुन्हा वाजवलं, पुन्हा वाजवलं. "कानाला नाही कळत," तो नवलानं म्हणाला, "पण हाताला कळतंय आता."

"मग हाताच्या भरवशावर वाजवा. दुसऱ्या कुणाकडून मला नाही ऐकायचं ते."

त्यानं व्हायोलिन हळूच पेटीत ठेवलं. "मी वाजवीन. कार्यक्रमाला येशील?"

'तुम्ही'चं 'तू' झालेलं दोघांच्याही लक्षात आलं. कुणीच ते दुरुस्त केलं नाही.

"खरखर ऐकायला?"

"त्याला नुसता कान पुरला असता. तू… तू सगळीच ये."

बाहेर रस्त्यावर वारा होता, गाड्यांचा गोंगाट होता. ती त्याच्या डावीकडून चालत होती. खाली बघत ती काहीतरी बोलली. तो थांबला, आणि तिचं कोपर धरून त्यानं तिला आपल्या उजव्या बाजूला आणलं.

"इकडून चाल. काय म्हणालीस?"

"काही नाही. येईन म्हटलं."

"पुन्हा म्हण."

"आता ऐकू आलंय तुम्हाला."

"आलंय," तो म्हणाला. "तरी म्हण."