पदकाच्या कडेवरचं नाव

"दोनला होडी सुटणार आणि आजोबा अजून चुलीपाशीच!" हेडली धापा टाकत अंगणात आला.

त्याच्या थोरल्या बहिणीने, मॉर्वेनाने, हातातली बादली तिथेच ठेवली. पोर्टव्हीन बंदरातल्या शर्यतींच्या दिवशी सर्वांत आधी आरमारातले म्हातारे छातीवर पदकं लावून आपली होडी वल्हवत नेत. यंदा पुढचं वल्हं झॅकरी नॅनकॅरोंचं, म्हणजे या दोघांच्या आजोबांचं होतं.

"नवी फीत लावतो म्हणून शर्यतीच्या समितीने पदकं नेली," आजोबा पुटपुटले. "आता चिटणीस म्हणतात, कसली पदकं? तुला कधी मिळाली होती का? आणि पदक नाही, तर होडीत जागा नाही."

एकवीस वर्षं जहाजाच्या पोटात भट्टीत कोळसा टाकला, आफ्रिकेतल्या आशांतीच्या लढाईत तापाने फणफणले, इजिप्तच्या लढाईतही होते, आणि आता खोटारडे ठरले! मॉर्वेनाला रडू नाही, राग आला.

"चला रे!"

तिघं वाचनालयाकडे पळाली; समितीचं काम तिथूनच चाले. तिसरा होता सिरिल, प्लायमाउथहून सुट्टीला आलेला मावसभाऊ. पळतानाही त्याचं मांस-बटाटा भरलेली पेस्टी खाणं चालूच होतं. वाचनालयात जुन्या खलाशांच्या वस्तूंचं प्रदर्शन मांडलं होतं. काचेच्या पेटीत दोन चांदीची पदकं होती आणि खाली चिठ्ठी: 'कै. कॅप्टन हेक्स्ट'.

"अगं, हा पोचा माझा!" हेडली ओरडला. "लहानपणी मीच हातोडी मारली होती!"

"शाबास! आणखी मोठ्याने सांग!" मॉर्वेनाने त्याला कोपर मारलं.

तेवढ्यात चिटणीस पेव्हरेल आले. पेटीची किल्ली त्यांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होती.

"साहेब, ही आमच्या आजोबांची आहेत. पेटी उघडा ना!" मॉर्वेना म्हणाली.

"काहीतरीच! समितीच्या टेबलावर सापडली तेव्हाच मी ओळखलं. अशी चांदीची पदकं कॅप्टनलाच मिळतात. कोळसेवाल्याला कोण देतंय?"

"सगळ्यांना सारखंच मिळतं," सिरिल तोंडातला घास गिळत कुजबुजला. "माझे बाबाही स्टोकर, म्हणजे कोळसेवालेच आहेत. त्यांच्या पदकाच्या कडेवर त्यांचं नाव कोरलंय."

मॉर्वेनाचे डोळे चमकले. भिंतीवरचा छोटा आरसा काढून तिने सिरिलच्या हातात दिला. त्याने खिडकीतलं ऊन बरोबर पदकाच्या कडेवर पाडलं. बारीक अक्षरं उठून दिसू लागली.

"साहेब," मॉर्वेना साळसूदपणे म्हणाली, "कडेवर कोरलेलं कॅप्टनसाहेबांचं नाव तरी मोठ्याने वाचून दाखवा. सगळ्यांना ऐकू द्या!"

पेव्हरेल खूश झाले. लोक जमले होतेच. त्यांनी चष्मा चढवला, मान वाकडी केली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "झेड... नॅनकॅरो... स्टोकर... जहाज हॉथॉर्न..."

आवाज बसला! मागे हशा पिकला.

"पेव्हरेल!" कॅप्टन हेक्स्ट यांच्या विधवा पत्नी गर्दीतून पुढे आल्या. "माझ्या नवऱ्याची पदकं त्यांच्याबरोबरच समुद्रात गेली. मला एकदा विचारायचं तरी! पोरांनो, अख्ख्या समितीपेक्षा तुम्हीच हुशार निघालात."

चिटणीसांनी किल्ली फिरवली. मॉर्वेनाच्या पाठोपाठ तेही धक्क्यावर आले आणि हेडलीने घरून धावत आणलेल्या आजोबांपुढे टोपी काढून उभे राहिले. "नॅनकॅरो, चूक माझी. माफ करा."

पण आजोबांचं लक्ष मॉर्वेनाने सांगितलेल्या नावाकडेच होतं. "कुठे लिहिलंय म्हणालीस?"

"हे काय, कडेवर! तुम्ही कधी पाहिलं नाही?"

"पाहिलं की. मला वाटायचं कारागिराची नक्षी आहे. मी शाळेत कधी गेलो होतो, पोरी?"

मॉर्वेनाने त्यांचं काळं, खरखरीत बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं आणि सावकाश वाचलं.

"म्हणजे तिकडे आरमारात कोणाला तरी माझं नाव ठाऊक होतं," आजोबा म्हणाले. "पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. दोन वाजून गेले, तरी होडीतल्या एकाही म्हाताऱ्याने वल्ह्याला हात लावला नाही.