निवांतगडचा शिपाई

बंद टॅबलेटमध्ये लढाई चालू राहील का? रात्री मी स्वतः टॅबलेट बंद करून कपाटात ठेवला होता. तरीही सकाळी उघडला, तर आमचा सुभानजी दोन चौक्या जिंकून, नवी ढाल घेऊन ऐटीत बसलेला!

‘निवांतगड’ हे नाव तुम्ही ऐकलं नसेल. माझ्या वर्गातही कुणाला माहीत नव्हतं. हा ‘आयडल गेम’ (आपण हात न लावताही पुढे सरकणारा खेळ) आहे. त्यात आपण सुभानजी नावाचा शिपाई व्हायचं. मला हा खेळ बगळोबाने दिला. बगळोबा म्हणजे आईच्या सागर-संशोधन केंद्रातला लांब पायांचा यंत्रमानव. मला पोहायला त्यानेच शिकवलं. खाऱ्या हवेने त्याचे सांधे गंजले, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत आईने त्याला दुरुस्तीसाठी पूर्ण बंद करायचं ठरवलं.

“तू मला विसरशील!” मी रडत म्हणाले.

बगळोबा म्हणाला, “ऋजुताई, हा खेळ खेळ. बंद असूनही तो पुढे कसा सरकतो ते शोध, म्हणजे माझी काळजी वाटणार नाही.”

आधी मला वाटलं, हे दह्यासारखं असेल. विरजण लावून झोपलं की दही आपोआप लागतं. पण बंद टॅबलेटमध्ये सुभानजी लढणार कशाच्या जोरावर? मग मी एक आगाऊपणा केला. टॅबलेटची तारीख वर्षभर पुढे ढकलली. खेळ उघडते तर काय, सुभानजी सेनापती!

मी धावत आईकडे गेले. “आई, तो लढतच नाही! बंद होताना खेळ दोन गोष्टी जपून ठेवतो. सुभानजी किती बलवान आहे आणि तेव्हा किती वाजलेत. उघडल्यावर पुन्हा घड्याळ बघून वजाबाकी करतो आणि तेवढ्या वेळाची कमाई देऊन टाकतो.”

“शाब्बास! त्या नोंदीला ‘स्थिती’ (त्या क्षणी सगळं कसं होतं याची नोंद) म्हणतात. बगळोबाचीही मी जपून ठेवलीय.”

मला केवढं हायसं वाटलं!

दुरुस्ती संपली. आईने कळ दाबली. बगळोबाचे डोळे उजळले.

“रडू नकोस, ऋजुताई. चल, पोहायला जाऊ!” असं म्हणून तो तडक दाराबाहेर पडला. समोर समुद्र खवळलेला. त्याच्या लेखी मात्र अजून उन्हाळाच होता.

“अगं बाई! त्याच्या घड्याळाची बॅटरी मी काढून ठेवली होती!” आई ओरडली.

म्हणजे वजाबाकी करायला त्याच्याकडे आजची तारीखच नव्हती. मी जिवाच्या आकांताने धावले आणि त्याचा हात धरला.

“थांब बगळोबा! सुट्टी कधीच संपली. आज नागपंचमी आहे!”

तो थबकला. डोळे लुकलुकले. “म्हणजे समुद्र पावसाळी. हिशेब लागला.” मग घुटमळत म्हणाला, “किती वेळ गेला ते कळलं. पण त्या वेळात तुझं काय काय झालं, ते वजाबाकीने कसं कळणार?”

“ते मी सांगते ना!”

मी त्याला पायरीवर बसवलं आणि माझ्या पडलेल्या दातापासून सुरुवात केली.

‘निवांतगड’ बनवणाऱ्या अनोळखी माणसांनो, तुमचे खूप खूप आभार. तुमच्या खेळाने माझा बगळोबा वाचवला. मुलांनो, तुम्हीही तो खेळाच. फक्त तारखेशी खोड्या करू नका. सेनापती झालेल्या सुभानजीला काही कामच उरलं नाही, मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

आई म्हणते, कधीतरी माणसं यानात वर्षानुवर्षं झोपून दूरच्या ताऱ्यांकडे जातील. जागी झाल्यावर यान त्यांना तारीख सांगेल. पण मधल्या वर्षांत घरी काय काय झालं, ते कोण सांगणार?

“ते काम ऋजुताईला द्या,” बगळोबा म्हणतो. “तिची बडबड ताऱ्यांपर्यंत पुरेल.”