पाठीवरचा क्रूस

नऊ वाजता क्रेन आली, तेव्हा झाबेल पाद्रीबाबांच्या अंगणात लवाशच्या पोळीत चीज गुंडाळून खात बसली होती. हातातला घास तसाच टाकून ती पळाली.

आर्मेनियातल्या आरागात्स डोंगराच्या उतारावरच्या त्या गावात, चर्चमागच्या गवतात, साडेतीन मीटरचा काळा दगड आडवा पडलेला होता. वरच्या अंगाला कोरीव क्रूस. खालचं अंग कुणीच पाहिलेलं नव्हतं. येरेवानच्या संग्रहालयात जन्म घालवलेली झाबेल अकरा वर्षं एकच सांगत आली होती: क्रूस मागाहून कोरलाय, दगड ख्रिस्ताच्याही आधीचा आहे, पाण्याच्या देवाचा. लोक मान डोलवायचे आणि पाठ फिरली की हसायचे.

"बाई, खाली मासा निघाला तर भाजून वाढाल ना?" क्रेनवाला वार्दगेस वरून ओरडला.

"वाढीन की! काटे तुम्हाला, वार्दगेसभाऊ. आधी हळू उचला."

पट्टे ताणले गेले. दगड करकरत उठला, माती ढेकळाढेकळांनी गळली. मासाच होता. डोक्यापासून शेपटीपर्यंत, तिच्यापेक्षा दीडपट उंच, खवला न् खवला शाबूत.

"तेर हायर! पाद्रीबाबा! मासा! बघा ना, मासा!" तिनं पाद्रीबाबांना, नेर्सेसना, मिठीच मारली.

नेर्सेस हसले, पण अर्धवट. "पोरी, क्रूस कोरणाऱ्यांनी हा पाहिला असणारच. मग याला पालथं का घातलं?"

"भूकंपात पडला असेल."

"नेमका क्रूस वर राहील असा?"

तिनं ऐकलं न ऐकलं. दगड आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात उभा राहिला, पाचरी बसल्या. ती कॅलिपर घेऊन क्रूसाची खोली मोजायला लागली. बावीस मिलिमीटर. वहीत लिहिलं. मग माशाकडे गेली. दगडाचं ते अंग ओलसर होतं. खालची माती मात्र भुगा झालेली, कोरडी ठाक.

दुपारी तिनं क्रूस पुन्हा मोजला. चौदा.

कॅलिपर बिघडलं म्हणून तिनं पट्ट्याच्या कडीची जाडी मोजली. बरोबर आली. क्रूस पुन्हा मोजला. तेरा.

"वार्दगेसभाऊ, सकाळी या खाचेत तुमचं बोट कुठवर गेलं होतं?"

"पहिल्या पेरापर्यंत." त्यानं बोट घातलं. जेमतेम नख बुडालं. त्यानं हात विजारीला पुसला. "उन्हाचं तसं वाटतंय, बाई."

माशाच्या तोंडातून एक थेंब ओघळला. मग दुसरा.

भीती वाटायला हवी होती. पण झाबेलचं काळीज आनंदानं नुसतं उड्या मारत होतं. अकरा वर्षं! तिनं दगडाला कान लावला. आत खोल कुठंतरी पाणी वाहत होतं.

"आडवा घाल त्याला," नेर्सेस म्हणाले. "वार्दगेस, आत्ता. पालथा."

"तेर हायर, थांबा!" झाबेल आडवी आली. "फक्त उद्यापर्यंत!"

तेवढ्यात खालून आरोळी आली. तीन वर्षं आटलेल्या झऱ्याला पाणी आलं होतं.

मग कोण ऐकतंय! बायका बादल्या घेऊन धावल्या, पोरं कपड्यांसकट पाण्यात शिरली, म्हाताऱ्यांनी टोप्या उडवल्या. टँकरची वाट बघून विटलेलं गाव नाचत होतं. कुणीतरी नेर्सेसच्या हातात पहिला पेला दिला. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांना नाही म्हणवलं नाही. ते प्यायले. वार्दगेस पालथा पडून घटाघटा प्यायला.

झऱ्याकाठी आलेल्या झाबेलनं मागं वळून वर पाहिलं. दगडाची पाठ, जिथं क्रूस होता ती, गुळगुळीत होती. पाटीसारखी.

तिनं ओंजळ भरली. पाणी बर्फासारखं गार होतं.

"काय गोड आहे!" वार्दगेस उठला, तोंड पुसलं आणि देवाचे आभार मानायला, अंगावर क्रूसाची खूण करायला कपाळाला बोटं लावली. मग तसाच उभा राहिला.

"तेर हायर," तो ओशाळं हसला, "यानंतर हात कुठं न्यायचा असतो?"

नेर्सेसनी दाखवायला हात उचलला. तो कपाळापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

झाबेलची ओंजळ ओठांशी होती.